सुभेदारांनी सांगितलेला शेवट

माझ्या वडिलांना मी तो इंग्रजी सिनेमा दाखवायला नेलं ते करमणुकीसाठी नव्हे. मला त्यांच्याकडून होकार हवा होता, आणि तो तोंडानं मागायची माझी हिंमत संपली होती.

बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. मी सांगलीत मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि विश्रामबागेत आत्याकडे राहत होते. आत्या म्हणजे आबांची थोरली बहीण, विधवा, एकटी आणि तोंडानं फटकळ. तिच्या परसात एक म्हैस होती. त्या म्हशीच्या दुखण्यात माझं लग्न जमलं असं म्हटलं तरी चालेल, कारण तिला बघायला सरकारी दवाखान्यातून जो तरुण डॉक्टर यायचा तो चार वेळा तिच्यासाठी आला आणि पाचव्यांदा ती ठणठणीत असतानाही आला. आत्याला तो फार आवडायचा. त्याच्यासाठी ती दुधावरची साय बाजूला काढून ठेवायची. पण आमचं दोघांचं काय चाललंय ते तिच्या लक्षात आलं तेव्हा तिनं एका वाक्यात निकाल दिला, "औषध द्यायला झ्याक हाय, पोरगी द्यायला न्हाई."

कारण तो जतकडचा, धनगराचा मुलगा. घरी मेंढरं होती, थोडी कोरडवाहू जमीन होती आणि शिकलेला तो एकटाच. आम्ही कराडजवळ मलकापूरच्या बाजूचे ऊसवाले मराठे, घरटी एक माणूस पलटणीत. आबा सुभेदार होऊन पेन्शनीत आलेले. गावात त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे, सुभेदारच म्हणत.

मी आबांना पत्र लिहून सगळं सरळ कळवलं होतं. मग वाट बघत बसले. आरडाओरडा होईल, आई आजारी असल्याची तार येईल, एखादा चुलतभाऊ मला न्यायला येईल, अशी सगळी मनाची तयारी मी केली होती. यातलं काहीच झालं नाही. दीड महिना गेला तरी उत्तरच नाही. रागावलेला माणूस परवडला, पण गप्प बसलेल्या माणसाशी भांडायचं तरी कसं? आणि मग एका शनिवारी आबा स्वतःच पिशवी घेऊन आत्याच्या दारात हजर झाले. चहा घेतला, म्हशीची चौकशी केली, पावसापाण्याचं बोलले. पत्राचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या फिल्म मंडळाचा खेळ होता. जवळच्या कॉलेजातल्या दोन-तीन हौशी प्राध्यापकांनी ते मंडळ काढलं होतं. महिन्यातून एका रविवारी कॉलेजच्या हॉलमध्ये खिडक्यांना काळे पडदे लावून जुने परदेशी सिनेमे दाखवत. मी त्याची सभासद होते. त्या महिन्याच्या सिनेमाची गोष्ट एका सरांनी आधीच सांगून ठेवली होती: एका गोऱ्या घरातली मुलगी काळ्या डॉक्टरला घरी घेऊन येते आणि म्हणते, मी याच्याशी लग्न करणार. आईबाप चांगले शिकलेले, जगाला शहाणपण सांगणारे. पण स्वतःवर वेळ आल्यावर त्यांची तंतरते. आणि शेवटी बाप हो म्हणतो.

हे ऐकल्यापासून माझ्या डोक्यात किडा वळवळत होता. मुलगा डॉक्टर, मुलगी हट्टी, बाप अडून बसलेला, आणि शेवटी होकार. माझी वकिली करायला याहून चांगलं काय मिळणार होतं? मी आबांना म्हटलं, "इंग्रजी सिनेमा आहे, तुमच्याशिवाय आम्हाला कोण समजावून सांगणार?" आबा पलटणीत इंग्रजी शिकलेले आणि त्याचा त्यांना अभिमान होता. ते लगेच दाढी करायला बसले. आत्याही म्हणाली, मीपण येते, मी काय घर राखत बसू?

हॉलमध्ये दोनशेएक माणसं होती. मशीन एकच, त्यामुळे एक रीळ संपलं की दिवे लागायचे, कॉलेजचा लॅब असिस्टंट दुसरं रीळ चढवायचा, तेवढ्यात लोक बोलून घ्यायचे. सिनेमा सुरू झाला आणि दोन मिनिटांत माझ्या लक्षात आलं की त्या लोकांचं इंग्रजी कुणाच्याच बापाला कळत नाहीये. मलाही नाही, आणि मी बी.ए. होते. आबा मात्र आत्याच्या कानाशी वाकून भराभर सांगत होते. त्यांना कुजबुजता कधीच येत नसे. पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. मला वाटलं, आता कोणीतरी गप्प बसा म्हणणार. तर मागून आत्याच्या शेजाऱ्यांचा आवाज आला, "सुभेदारसाहेब, जरा मोठ्यानं सांगा की! आमालाबी कळू द्या."

झालं. आबा उठून भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि कवायतीच्या आवाजात सांगू लागले. सांगायची त्यांची रीत अशी, की जो बोलेल त्याच्याच तोंडचं ते बोलायचे. "पोरगी म्हणती, मी यालाच करणार. आई म्हणती, बस बाई, मला चक्कर येतीया. बाप म्हणतोय, मी इचार करून सांगतो." हॉल हसत होता. मीही सुखावले होते. माझ्याच मनातलं सगळं आबांच्या तोंडून बाहेर पडत होतं आणि त्यांना त्याचा पत्ता नाही, असं मला वाटत होतं. बापाला काही कळत नाही असं मुलीला कायम वाटत असतं. मीही त्यातलीच.

पहिल्या रिळानंतर दिवे लागले. आत्यानं लगेच तोंड उघडलं. "आरं, पण नडतंय कुठं? पोरगा डाक्टर हाय. दिसायला उंचनिंच, बोलायला शाणा. मग त्या बापाच्या पोटात का दुखतंय?"

आबा म्हणाले, "आक्का, त्यो काळा हाय."

"मग काय झालं? तुझा थोरला पोरगा काय गोरापान हाय व्हय? त्याला चार पोरी सांगून आल्या." सगळा हॉल हसला. आत्या आणखी चढली. "माझी तक्रार येगळीच हाय. पोरगा एकटाच कसा आला मुलीच्या घरी? बरोबर चुलता न्हाई, मामा न्हाई. ही काय रीत झाली?"

दोनशे माणसांना तिचं पटत होतं. मला तर तिचा मुका घ्यावासा वाटला. माझं निम्मं काम तिनंच केलं होतं. आणि तेवढ्यात आबांनी, आता हिला कसं समजवावं अशा काळजीनं, दोन बोटं वर केली आणि म्हणाले, "असं समज आक्का. दोघांची जात एक न्हाई. पोरगी आपल्यातली. पोरगा..." त्यांनी दुसरं बोट जरा लांब नेलं. "पोरगा त्यांच्यातला."

"हां," आत्या म्हणाली. "मग बराबर हाय बापाचं."

हॉलही हसायचा थांबला. एकदोघांनी पटल्यासारखी मान हलवली. आतापर्यंत सगळ्यांना जे पोरखेळ वाटत होतं ते आबांच्या एका वाक्यानं सगळ्यांना स्वच्छ कळलं होतं. आबा माझ्याकडे बघत नव्हते. पण माझं पत्र त्यांनी किती वेळा वाचलं असेल ते मला त्या घटकेला कळलं. दिवे मालवले नसते तर मी उठून गेले असते.

पुढच्या रिळात काळा डॉक्टर मुलीच्या बापाशी एकटाच बोलतो असा प्रसंग होता. आवाज चढवत नाही, गयावया करत नाही, सरळ उभा राहून बोलतो. आबा त्याचं बोलणं सांगता सांगता अडखळायला लागले. एक वाक्य सांगितलं, दुसरं गाळलं, मग गप्पच झाले. लोकांना वाटलं, इंग्रजी अवघड झालं असेल. दिवे लागल्यावर आत्यानं विचारलं, "का रं थांबलास?"

आबा भिंतीपाशीच उभे होते. म्हणाले, "काय न्हाई. इटलीतलं आठवलं." मग लोक बघतायत म्हटल्यावर त्यांनी सांगितलं. लढाई संपल्यावर त्यांची पलटण इटलीत एका गावाबाहेर पडून होती. थंडी फार होती. गोऱ्या शिपायांचं कँटीन दिसलं म्हणून हे आणि यांचा एक दोस्त पत्र्याचे मग हातात घेऊन चहाला गेले. दारातल्या गोऱ्यानं हात आडवा धरला. शिवी दिली नाही, ढकललं नाही, नुसता हात आडवा. "महिन्याभरापूर्वी त्यांच्याच बरोबर गोळ्या खाल्ल्या हुत्या आमी," आबा म्हणाले. "दोस्त म्हणाला, भांडू या. मी म्हणालो, चल. रिकामे मग घेऊन तसंच परत आलो. त्यांच्या लेखी आमीबी काळंच की."

हे त्यांनी आम्हाला घरी कधी सांगितलं नव्हतं. आईलाही माहीत नव्हतं, असं ती पुढे म्हणाली. मला त्यांची दया आली आणि रागही आला. तो हात आडवा धरलेला इतकी वर्षं ज्यांच्या लक्षात होता, त्यांना आपण स्वतः काय करतोय ते दिसू नये याचा राग.

शेवटच्या रिळाला घोटाळा झाला. दिवे मालवले, पडद्यावर उजेड पडला, आणि दिसायला लागलं भुईमुगाचं शेत. भुईमुगावर पडणारी कीड आणि तिच्यावर फवारणी. डब्यावर नाव बरोबर होतं, आत दुसरंच काहीतरी होतं. लॅब असिस्टंट आणि सर मशीनपाशी एकमेकांवर खेकसू लागले. सिनेमा तर अशा जागी थांबला होता की बाप खोलीत येऊन उभा राहतो, सगळ्यांना बसायला सांगतो आणि तोंड उघडतो.

लोक मशीनकडे बघायचे सोडून आबांकडे बघायला लागले. "सुभेदारसाहेब, फुडं काय झालं? काय म्हणाला बाप?" त्यांनी सिनेमा आधी बघितलेला नाही हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. इतका वेळ जो सगळं सांगत होता त्याला शेवट माहीत नसेल कसा? मला शेवट माहीत होता. मी उठून सांगू शकले असते. पण मी उठले नाही. आबांना तो माहीत नव्हता, आणि मला माहीत नाही हे वाक्य त्या माणसानं आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं.

आबांनी एकदा मशीनकडे बघितलं. मग घसा साफ करून बोलले, तेही बापाच्याच तोंडचं.

"माझा त्या पोरावर राग न्हाई. पोरगा सोन्यासारखा हाय, मला दिसतंय की. मला भ्या वाटतंय ते तुमा लोकांचं. उद्या तुमी मला इचाराल, तवा मी काय सांगू? दीड म्हैना झोप न्हाई मला." दीड महिना ही काही सिनेमातली गोष्ट नव्हती. "पण पोरगी माझी हाय. तिनं माणूस बघितलाय, तुमी नुसती जात बघितली. मी पोरगी देतो. ज्याला अक्षता टाकायला यायचं त्यानं यावं, न्हाई त्यानं घरात बसावं."

हॉलनं टाळ्या वाजवल्या. मघाशी माना हलवणाऱ्यांनीही वाजवल्या. आत्या डोळ्याला पदर लावून बसली होती. मी रडत होते, आणि लोकांना वाटत होतं की सिनेमा पाहून रडते आहे.

घरी आल्यावर मी धीर करून म्हटलं, "आबा, मग मी त्यांना काय सांगू?"

आबा पायांवर पाणी घेत होते. वर न बघता म्हणाले, "ते सिनेमातलं. लोकास्नी शेवट पायजे हुता, दिला." आणि पाय पुसून जेवायला बसले. सोमवारी सकाळच्या एस.टी.नं ते परत गेले. त्यांच्या पाठीमागे मी काय काय बोलले ते लिहीत नाही. आत्या ऐकत होती आणि पहिल्यांदाच तिनं मला अडवलं नाही.

पुढचं आईनं सांगितलेलं. आमच्या गावचे एक गृहस्थ त्या कॉलेजात कारकून होते. रविवारी ते कशासाठी तरी हॉलवर आले, दारात उभे राहिले, तेव्हा आबांचं शेवटचं बोलणं चाललं होतं. सिनेमा त्यांनी पाहिलाच नव्हता. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की सुभेदार भर सभेत उभे आहेत, माझी पोरगी जातीबाहेर देतो म्हणतायत, आणि लोक टाळ्या वाजवतायत. शेजारी लेक बसून रडतीय. माणूस खोटारडा नव्हता. त्यानं जे पाहिलं ते गावात जाऊन सांगितलं.

आठवड्याच्या आत भावकी आमच्या सोप्यात येऊन बसली. सात-आठ माणसं, पुढे आबांचे थोरले चुलतभाऊ. आई चहा घेऊन दाराआड उभी होती. चुलत्यांनी विचारलं, "सुभेदार, तुमी सांगलीत भर सभेत पोरगी द्यायची बोललासा म्हणं?"

आई म्हणायची, मला वाटलं, आता हे हसतील. सिनेमाचा घोटाळा सांगतील, सगळे मांडीवर थाप मारतील, चहा पितील आणि जातील. किती सोपं होतं! आबांनी तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात चुलते म्हणाले, "आमाला न इचारता बोललासा? आमी काय मेलो हुतो?"

आबांनी तोंड मिटलं. मग उठून उभे राहिले. "व्हय, बोललो," ते म्हणाले. "दोनशे माणसांत बोललो. आता माघारी घेणार न्हाई."

भावकी चहा न घेता उठली. आईनं तो चहा परत पातेल्यात ओतला, असं ती सांगायची. मला तीन ओळींचं पत्र आलं. मुलाच्या वडीलधाऱ्यांना घेऊन यायला सांग. रविवारी दिवसाउजेडी यावं. लपूनछपून काही नको.

मी नाचायला हवं होतं. दोन दिवस नाचलेही. मग मनात कुरकुर सुरू झाली. आबांनी हो म्हटलं ते मला, की चुलत्यांना टोला म्हणून? चुलत्यांनी जरा गोडीनं विचारलं असतं, तर माझं लग्न त्या चहाच्या कपात बुडालं असतं? मला कुणाच्या ताठ्याची भीक नको होती. होणाऱ्या नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, होकार आला ना, मग कसा आला ते कशाला उकरतेस? तो समजूतदार होता, अजून आहे. मी नव्हते.

लग्न सांगलीतच झालं, आत्याच्या दारात मांडव घालून. गावाकडून पाच माणसं आली, त्यातली दोन आचारी. मुलाकडची मंडळी ट्रक भरून आली, ढोल घेऊन आली, आणि आबांना मान म्हणून त्यांनी घरी विणलेलं नवं घोंगडं दिलं. आबांनी ते भर उन्हात खांद्यावर टाकलं आणि शेवटपर्यंत काढलं नाही. घाम निथळत होता.

आमच्यात नवरी मुलीला मामा बोहल्यावर घेऊन येतो. माझा मामा मेढ्याचा. त्याला लग्नाच्या आदल्या दिवशी ताप आला, आणि तो पुढे दोन वर्षं उतरला नाही. मुहूर्त जवळ आला. बाहेर भटजी हाका मारतायत, आत मी शालू नेसून उभी, आणि दंडाला धरून न्यायला माणूस नाही. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्या म्हणाली, मी नेते, तर कुणीतरी म्हणालं, तुम्ही कशा? विधवा बाईनं कसं न्यायचं? आत्याचा चेहरा पडला. मी म्हटलं, मी एकटी जाते, मला पाय आहेत. माझं डोकं तापलं होतं.

तेवढ्यात आबा आत आले. कुणाशी न बोलता त्यांनी माझा दंड धरला. पलटणीतला पंजा होता, दुखला. दारापर्यंत आलो आणि मी थांबले. आता नाही विचारलं तर जन्मभर विचारता येणार नाही असं वाटलं.

"आबा, मनापासून देताय ना मला?"

त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. खोटं बोलायला तो दिवस फार सोयीचा होता. कुठलाही बाप बोलला असता आणि मीही ते घेतलं असतं.

"न्हाई," आबा म्हणाले. "मला अजून पटल्यालं न्हाई. पटंल कवातरी, न्हाईतर न्हाई पटणार. पण तू म्हणालीस म्हणून तुला एकटीला जाऊ देईन व्हय मी?"

मग त्यांनी माझा दंड आणखी घट्ट धरला, आणि ढोल वाजत असलेल्या मांडवात आम्ही दोघं बाहेर आलो.